‘तिकडे जाऊ नका’

शिकागोला जाऊन आलेल्या आपल्या माणसांकडून दोन गोष्टी हमखास ऐकायला मिळतात. एक म्हणजे डेव्हन अव्हेन्यूवर हैदराबादी बिर्याणीपासून हलाल मटणापर्यंत सगळे मिळते, घरची आठवणच येत नाही. दुसरी म्हणजे शहराच्या दक्षिण आणि पश्चिम बाजूला काही भाग असे आहेत की पहिल्याच दिवशी बजावतात, तिकडे जाऊ नका. तिकडे कोण राहते, असे विचारले की सांगणारा आवाज थोडा खाली आणतो. “काळे लोक. शिकत नाहीत, काम करत नाहीत, सरकारच्या पैशावर जगतात.”

हे शब्द ऐकले की मी सावध होते. आपल्या मोहल्ल्यांबद्दलही हेच बोलले जाते, फक्त बोलणारे वेगळे असतात. म्हणून वाचकहो, या महिन्यात त्या ‘तिकडे’ची हकीकत सांगायची आहे. ती वस्ती तशी कशी झाली, याची कागदपत्रे आहेत. कायदे, नकाशे, कोर्टाचे निकाल, सगळे लेखी आहे.

साधारण १९१६ पासून १९७० पर्यंत अमेरिकेच्या दक्षिणेकडल्या राज्यांतून सुमारे ६० लाख काळी माणसे उत्तरेकडे आणि पश्चिमेकडे गेली. कापसाच्या शेतातली वेठबिगारी, झुंडीकडून होणाऱ्या हत्या, मतदानाला बंदी, या सगळ्याला कंटाळून ती निघाली होती. शिकागोत खाटीकखाने होते, पोलादाचे कारखाने होते. १९१० साली तिथे ४४ हजारांच्या आसपास काळे लोक होते, १९३० मध्ये २ लाख ३० हजारांवर गेले. शहर मोठे होते, पण त्यांना राहायला मिळाली दक्षिणेकडची एक अरुंद पट्टी. पट्टीच्या बाहेर पाऊल टाकले की काय होते ते १९१९ च्या जुलैमध्ये दिसले. सरोवरात पोहणारा एक १७ वर्षांचा काळा मुलगा गोऱ्यांच्या म्हणून ठरलेल्या पाण्यात गेला. किनाऱ्यावरून दगड आले आणि तो बुडाला. त्यानंतर उसळलेल्या दंगलीत ३८ माणसे मेली, त्यांतली २३ काळी होती.

दंगल काही दिवसांत थांबली. नंतर तेच काम कागदाने सुरू केले. एका भागातले गोरे घरमालक मिळून करार करू लागले की आपले घर काळ्यांना विकायचे नाही आणि भाड्यानेही द्यायचे नाही. हा करार घराच्या कागदांना चिकटून राहायचा. मालक बदलला तरी अट तीच, आणि ती मोडणाऱ्याला कोर्ट घराबाहेर काढायचे.

आपण ज्यांना माल्कम एक्स, म्हणजेच अल-हज मलिक अल-शाहबाज म्हणून ओळखतो, त्यांचे बालपण या अटीखाली भरडले गेले. १९२९ मध्ये मिशिगन राज्यातल्या लान्सिंगला त्यांच्या वडिलांनी घर घेतले. जमिनीच्या कागदावर गोऱ्या वंशाखेरीज कोणाला विकू नये अशी अट होती. शेजारी कोर्टात गेले, कोर्टाने कुटुंबाला घर सोडायला सांगितले. ते बाहेर पडण्याआधीच नोव्हेंबरच्या एका रात्री घर जळून गेले. माल्कम तेव्हा चार वर्षांचे होते. त्यांच्या नंतरच्या भाषणांत एवढा राग कुठून आला, असे विचारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

शिकागोत १९३७ साली हॅन्सबेरी नावाच्या कुटुंबाने अशाच भागात घर घेतले. जमावाने फेकलेला दगडाचा तुकडा त्यांच्या लहान मुलीच्या डोक्याला लागता लागता राहिला. वडील सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले. १९४० मध्ये जिंकले, पण तांत्रिक मुद्द्यावर. ती मुलगी, लोरेन हॅन्सबेरी, मोठी होऊन नाटककार झाली. घर घेऊ पाहणाऱ्या काळ्या कुटुंबावरचे तिचे ‘अ रेझिन इन द सन’ हे नाटक १९५९ मध्ये ब्रॉडवेवर आले.

आतापर्यंतची गोष्ट शेजाऱ्यांच्या द्वेषाची होती. पुढची सरकारची आहे, आणि मला ती जास्त गंभीर वाटते.

१९३० च्या मंदीत लाखो लोकांची घरे हप्ते थकल्याने जाऊ लागली. सरकारने मदतीसाठी एक महामंडळ काढले. त्याने मोठ्या शहरांचे नकाशे तयार केले. चांगला भाग हिरवा, बरा निळा, उतरता पिवळा आणि धोक्याचा लाल. काळ्यांची वस्ती असली की तो भाग जवळजवळ हमखास लाल. १९३४ मध्ये आणखी एक सरकारी खाते आले, गृहकर्जाला हमी देणारे. खरा फटका या दुसऱ्या खात्याने दिला. बँक कर्ज देणार, ते बुडाले तर सरकार भरून देणार, त्यामुळे व्याज कमी आणि मुदत लांब. सामान्य नोकरदाराला पहिल्यांदाच स्वतःचे घर परवडू लागले. पण त्या खात्याच्या नियमपुस्तकात लिहिलेले होते की वस्ती एका वंशाची असावी, मिसळली तर घराची किंमत पडते. म्हणून काळ्यांच्या वस्तीला हमी नाही, आणि त्यांच्या शेजारच्या वस्तीलाही नाही.

डेट्रॉइटमध्ये एका बिल्डरला गोऱ्यांसाठी घरे बांधायची होती, पण जागा काळ्यांच्या वस्तीला लागून होती, म्हणून हमी मिळेना. १९४१ मध्ये त्याने मध्ये सहा फूट उंचीची, जवळपास अर्धा मैल लांब भिंत बांधली. मग हमी मिळाली. ती भिंत आजही उभी आहे.

कर्ज मिळत नाही म्हणून माणूस घराची इच्छा सोडत नाही. हे आपल्याला सांगायला नको. बँकेने दार लावले की सावकार खिडकीतून येतो. शिकागोच्या पश्चिमेकडल्या नॉर्थ लॉनडेल भागात १९५० च्या दशकात जे चालले, ते जरा सविस्तर सांगते.

आधी दलाल गोऱ्या घरमालकांना घाबरवायचे. काळे येत आहेत, आता विका, उद्या कवडीमोल होईल. घाबरलेला मालक मिळेल त्या भावात घर देऊन उपनगरात निघून जायचा. तेच घर दलाल काळ्या कुटुंबाला दीडपट, दुप्पट किमतीला द्यायचा, तेही हप्त्यांच्या ‘करारा’वर. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत खरेदीखत दलालाच्या नावावर. छप्पर गळले तर दुरुस्ती घेणाऱ्याने करायची, कर त्याने भरायचा, पण घर त्याचे नाही. एक हप्ता चुकला की घराबाहेर, आणि आधी भरलेले सगळे पैसे गेले. दुसऱ्या दिवशी दलाल त्याच घरावर नवे गिऱ्हाईक बसवायचा. एका घरातून अशी तीन-चार कुटुंबे लुटली जायची. त्या काळात शिकागोत काळ्यांनी घेतलेली बहुतांश घरे याच पद्धतीने घेतलेली होती. ड्यूक विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०१९ मध्ये हिशेब मांडला, तेव्हा या एका शहरात, या एका मार्गाने काळ्या कुटुंबांचे आजच्या किमतीत ३ ते ४ अब्ज डॉलर गेले असे निघाले.

आता त्या घरातली बाई डोळ्यांसमोर आणा. नवरा दोन पाळ्यांत कामाला, ती स्वतः दुसऱ्यांच्या घरी. हप्ता चुकू नये म्हणून घराचे भाग पाडून भाडेकरू ठेवलेले. एका घरात तीन कुटुंबे, म्हणून गर्दी, म्हणून कचरा, म्हणून भांडणे. शाळेतही गर्दी, म्हणून मुले अर्धा दिवस शाळेत आणि अर्धा दिवस रस्त्यावर. शेजारून जाणारा गोरा माणूस हे बघून म्हणतो, बघा, हे लोक आले आणि वस्ती बिघडली.

१९६६ च्या जानेवारीत मार्टिन ल्युथर किंग याच लॉनडेलमध्ये भाड्याने राहायला आले. महिना ९० डॉलर. ते येणार हे कळताच मालकाने घाईघाईने फ्लॅटची डागडुजी करून घेतली. किंगनी दर महिन्याला घर बदलावे म्हणजे अख्खा भाग दुरुस्त होईल, असा विनोद तेव्हा झाला होता. त्यांच्या चळवळीने एक साधी तुलना मांडली. लॉनडेलमध्ये चार मोडक्या खोल्यांना ९० डॉलर, आणि गोऱ्यांच्या वस्तीत साडेपाच चांगल्या खोल्यांना ८०. गरिबाला महाग का पडते, तर त्याला दुसरीकडे जायला परवानगी नाही म्हणून. किंग याला रंगाचा कर म्हणत. त्या वर्षी ५ ऑगस्टला गोऱ्यांच्या मार्केट पार्क भागात मोर्चा नेताना त्यांच्या डोक्यात दगड बसला. दक्षिणेतही एवढा द्वेष आपण पाहिला नाही, असे ते म्हणाले.

१९६८ मध्ये लॉनडेलच्या कर्जदारांनी संघटना बांधली, मिळून हप्ते रोखले आणि शेकडो करार बदलून घेतले. आळशी म्हणून हिणवलेल्या लोकांनी केलेले हे काम आपल्या गप्पांमध्ये कधी येत नाही.

मग रोजगार गेले. या भागाच्या कुशीत तीन मोठे मालक होते. टेलिफोनची उपकरणे बनवणारा वेस्टर्न इलेक्ट्रिकचा हॉथॉर्न कारखाना, जिथे ४० हजारांहून जास्त माणसे कामाला होती. इंटरनॅशनल हार्वेस्टर, जिथे १४ हजार. आणि सीअर्स कंपनीचे मुख्यालय, जिथे १० हजार. हार्वेस्टर १९६० च्या दशकाअखेरीस बंद झाला, सीअर्स १९७३ च्या सुमारास शहरातल्या उंच मनोऱ्यात गेली, हॉथॉर्न १९८० च्या दशकात संपला. किंग यांच्या हत्येनंतरच्या दंगलीत दुकाने जळाली ती परत उघडली नाहीत. नवे कारखाने उपनगरांत निघत होते, पण तिथे काळ्यांना घर मिळत नव्हते. समाजशास्त्रज्ञ विल्यम ज्युलिअस विल्सन यांनी आपल्या पुस्तकांत हेच दाखवले की काम गेले की कामामुळे बांधलेला दिवसही जातो. सकाळी उठायचे कारण जाते, लग्न ठरवायची ऐपत जाते. लॉनडेलची वस्ती १९६० मध्ये सव्वा लाखाच्या आसपास होती, १९९० मध्ये ५० हजारांच्याही खाली आली. ज्यांना निघता आले ते निघाले. राहिले ते म्हातारे, आजारी, एकट्या आया.

सरकारने गरिबांसाठी घरे बांधलीच नाहीत असे नाही. रॉबर्ट टेलर होम्स ही १९६२ मध्ये पुरी झालेली वसाहत म्हणजे १६ मजल्यांच्या २८ इमारती, एका ओळीत, सगळ्या काळ्यांच्या जुन्या पट्टीत. ज्यांचे नाव दिले ते रॉबर्ट टेलर गृहनिर्माण मंडळाचे काळे अध्यक्ष होते. गरिबांची घरे सगळ्या शहरात विखुरलेली बांधा, एकाच ठिकाणी कोंबू नका, हा त्यांचा आग्रह नगरसेवकांनी हाणून पाडला म्हणून १९५० मध्ये त्यांनी राजीनामा दिला होता. ते वारल्यावर याच कोंबलेल्या वसाहतीला त्यांचे नाव दिले गेले. २००७ पर्यंत त्या सगळ्या इमारती पाडून टाकल्या.

वस्ती अशी पोकळ झाली की माणसाचे काय होते, याचे एक उदाहरण मी वर्गात नेहमी देते. जुलै १९९५ मध्ये शिकागोत उष्णतेची लाट आली, पारा ४१ अंशांवर. आपल्या विदर्भातल्या वाचकांना यात काही विशेष वाटणार नाही, पण त्या शहराला सवय नव्हती. नेहमीपेक्षा ७३९ मृत्यू जास्त झाले. शवागारात जागा पुरेना, म्हणून गोठवलेल्या मालाचे ट्रक मागवावे लागले. एरिक क्लिनेनबर्ग नावाच्या समाजशास्त्रज्ञाने दोन शेजारी भाग तपासले. नॉर्थ लॉनडेल काळ्यांचा, आणि रस्ता ओलांडला की साउथ लॉनडेल, मेक्सिकन लोकांचा. दोन्ही गरीब. दोन्हीकडे एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांचे प्रमाण सारखेच. उत्तरेकडे लाखामागे ४० मृत्यू, दक्षिणेकडे ४.

हा दहापट फरक कशाचा? साउथ लॉनडेलमध्ये रस्त्यावर दुकाने होती, फेरीवाले होते, चर्च भरलेले होते, माणसांची ये-जा होती. म्हातारी बाई भाजी आणायला खाली उतरायची, थंड दुकानात दोन मिनिटे टेकायची, दिसली नाही तर कोणी विचारायचे. नॉर्थ लॉनडेलमध्ये रिकामे प्लॉट, बंद दुकाने, कोपऱ्यावर अमली पदार्थ विकणारी पोरे. तिथली म्हातारी दार-खिडक्या घट्ट लावून आत बसली आणि आतच मेली. शेजाऱ्याचा हक आपण मुलांना लहानपणापासून शिकवतो. पण शेजार टिकायला रस्त्यावर दिवा लागतो, किराणा दुकान लागते, संध्याकाळी बाहेर बसता येईल असा कट्टा लागतो. हे सगळे काढून घेतले की चांगला शेजारीसुद्धा दाराची कडी लावून बसतो.

अंतर अजून मिटलेले नाही. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवले की शिकागोच्या स्ट्रीटरव्हिल या श्रीमंत भागात सरासरी आयुष्य ९० वर्षे आहे आणि काळ्यांच्या एंगलवूडमध्ये ६०. शहर एकच, मधले अंतर नऊ मैलांच्या आसपास.

कायदा झाला, उशिरा. करारातल्या अटी कोर्टाने अमलात आणू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये सांगितले. वंश किंवा धर्म बघून घर नाकारणे बेकायदा ठरवणारा कायदा एप्रिल १९६८ मध्ये, किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याने झाला. त्यात आपलाही फायदा झाला हे विसरू नये. १९२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड या पंजाबी माणसाला तो गोरा नाही म्हणून नागरिकत्व नाकारले होते. १९६५ च्या कायद्यानंतर आपले डॉक्टर, इंजिनिअर तिकडे गेले आणि उपनगरांत बंगले घेऊ शकले. त्या दाराची कडी काळ्यांच्या मोर्चांनी काढली होती.

कायदा पाळला जातो का हे बघायची तिथली रीत मला आवडते. सारखाच पगार, सारखेच कुटुंब असलेले दोघे जण, एक काळा आणि एक गोरा, एकाच दलालाकडे पाठवायचे आणि दोघांना काय उत्तर मिळते ते टिपून ठेवायचे. अशा तपासनिसाला स्वतः दावा लावता येतो, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये मान्य केले. हीच रीत आपल्या महाराष्ट्रातले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दिल्ली परिसरात वापरली. भाड्याच्या घरासाठी फोन केले, फरक फक्त नावाचा. उच्चवर्णीय नावाला कोणीच साफ नकार दिला नाही. दलित नावाला सुमारे १८ टक्के नकार, मुस्लिम नावाला सुमारे ३१. “घर आत्ताच गेले हो” हे उत्तर ऐकलेल्या आपल्या वाचकांना आकड्याची गरज नसेल, पण कोर्टात आणि विधिमंडळात आकडा लागतो. धर्मावरून भाडेकरू नाकारायला थेट मनाई करणारा केंद्रीय कायदा आपल्याकडे नाही. उलट एका समाजापुरती सभासदत्वाची अट ठेवणारी गृहनिर्माण सोसायटी चालू शकते, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये एका पारशी सोसायटीच्या खटल्यात म्हटले. आपल्यातही काही जण अशा सोसायट्या काढायला उत्सुक असतात, ती वेगळी चर्चा.

वस्ती बदलली तर मुलांचे काय होते, हेही तपासून झाले आहे. १९९४ पासून शिकागोसह पाच शहरांत सरकारी वसाहतींतल्या सुमारे ४,६०० कुटुंबांतून चिठ्ठ्या टाकून काहींना कमी गरिबीच्या भागात जायची मदत दिली. बहुतेक आयांनी अर्जात कारण लिहिले होते, टोळ्या आणि अमली पदार्थ यांपासून दूर जायचे आहे. २०१५ मध्ये राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी निकाल मांडला. १३ वर्षांच्या आत हललेल्या मुलांची मोठेपणीची कमाई, न हललेल्यांपेक्षा जवळपास ३१ टक्के जास्त. घर तेच, आई तीच, फक्त पत्ता वेगळा. मोठ्या वयात हललेल्यांना मात्र हा लाभ दिसला नाही.

सगळ्यांना हलवता येत नाही, आणि सगळ्यांना हलायचेही नसते. शिकागोचे बरेच सुखवस्तू मुस्लिम ब्रिजव्ह्यू, व्हिला पार्क अशा उपनगरांत मोठ्या मशिदींच्या आसपास राहतात. आणि काळ्यांच्या वस्तीतल्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानांचे मालक अनेकदा अरब मुस्लिम असतात. दुकानात ताजी भाजी नाही, दारू आणि वेफर्स आहेत, गल्ल्यावर जाड काच आहे, आणि भिंतीवर आयत लावलेली. गिऱ्हाइकांतले काही जण स्वतः मुस्लिम असतात. अमेरिकेतल्या दर पाच मुस्लिमांमागे एक काळा आहे. हे चित्र मला टोचते. शनिवारी दारू विकायची आणि रविवारी उपनगरातल्या मशिदीत भावंडपणावर भाषण ऐकायचे, हे कसे जमते ते कळत नाही.

हे ज्यांना तिथेच टोचले त्यांनी १९९० च्या दशकात इनर-सिटी मुस्लिम अ‍ॅक्शन नेटवर्क ही संस्था काढली. तिच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जोडली की ‘इमान’ होते. ती मार्केट पार्कच्या जवळच आहे, जिथे किंगना दगड लागला त्या भागात. २०१६ च्या ५ ऑगस्टला, बरोबर ५० वर्षांनी, तिथे किंग यांचे स्मारक उभे राहिले, त्यात पुढाकार याच संस्थेचा. तिचा दवाखाना आहे. तुरुंगातून सुटून आलेल्या तरुणांना ती बांधकाम शिकवते आणि त्यांच्याकडून जप्तीत गेलेली ओस घरे नीट करून घेते. दुकानदारांशी तिने वर्षानुवर्षे बोलणी केली, कधी प्रेमाने, कधी दुकानासमोर उभे राहून. २०२२ मध्ये तिने एंगलवूडच्या ६३ व्या रस्त्यावर स्वतःचेच दुकान उघडले. तिथे फळे आणि पालेभाज्या मिळतात.